बाकापाशी आवाज पोकळ येतो

९ फेब्रुवारी

भोंगाबाई,

अक्षर ओळखून पाकीट तसंच कचऱ्याच्या डब्यात टाकणार असशील, तर आधी एवढं ऐक. आत उपदेश नाही, दुखण्याचं रडगाणं नाही. निदान पहिलं पान वाच. पुढची हवी तर फाड.

तू मोबाईलवर मला बंद करून ठेवलंयस, ते एका परीने बरंच झालं. माझा फोन म्हणजे नुसतं डबडं आहे. खरखर फार. त्यापेक्षा कागद बरा, कागदावर कोणी मध्येच तोंड घालत नाही.

परवा तुझी मावशी आली होती. बारा एप्रिलला तू आणि जावईबापू देश सोडून निघालात, आता तिकडेच राहायचं ठरलंय, हे तिने मला सांगितलं ते कपबशा विसळता विसळता, पाठमोरी उभी राहून. ही काय सांगायची पद्धत झाली? तीन वेळा विचारलं तेव्हा माझ्याकडे तोंड करून एकेक शब्द सुटा सुटा बोलली, वेड्याला समजवावं तशी. मी बराच वेळ काही बोललो नाही, तर म्हणते, "बसा असेच मख्खासारखे!" बसलो.

तर सरळ सांगतो. जायच्या आधी एकदा मला भेट. एक तास. बोलू नकोस हवं तर, नुसती समोर बस. बाकी पत्रात मी काहीही लिहीत गेलो तरी मुद्दा एवढाच आहे.

तुझं म्हणणं मला तोंडपाठ आहे. आई न्हाणीघरात घसरून पडली आणि चाळीस मिनिटं हाका मारत राहिली. मी भिंतीपलीकडच्या खोलीत ॲम्प्लिफायर उघडून बसलो होतो. शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकूंना ऐकू गेलं आणि त्या धावत खाली आल्या. तीन दिवसांनी आई गेली. त्याआधी, ती आत पडून असतानाच, दवाखान्याच्या व्हरांड्यात तू सगळ्यांदेखत विचारलंस, "बाबा, तुम्हाला ऐकू नाही आलं?" मी म्हणालो, "आलं होतं. वाटलं, टॉवेल मागत असेल. हातात काम होतं." त्यानंतर तू माझ्याशी एक अक्षर बोललेली नाहीस. तीन वर्षं झाली. मी म्हणालो ते म्हणालो, त्यात आता फिरवाफिरव करत नाही.

कामाचं सांगतो, तेवढंच मला नीट सांगता येतं. दुकान बंद होतं, तुला मावशीने सांगितलं असेलच. पण गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई स्वतः दारात आल्या. त्यांच्या दवाखान्यातले स्पीकर मी फार वर्षांपूर्वी लावले होते, अजून एकही बोंबलला नाही. बाईंनी घरामागे मोठी बाग करून घेतली आहे, आखीव-रेखीव, वळणाची पायवाट, उंचसखल हिरवळ, एक छोटं तळं. हे सगळं कोणासाठी, तर त्यांच्या आईसाठी. आणि गंमत बघ, लेक डोळ्यांची डॉक्टर आणि आईला डोळ्यांनी दिसत नाही. आजी रोज सकाळी बागेतल्या बाकावर जाऊन बसतात. बाई दवाखान्यात जायच्या आधी अर्धा तास त्यांच्यासाठी पुस्तक मोठ्याने वाचून मोबाईलमध्ये भरून ठेवतात. ते आजींना बाकावर बसून ऐकायचं आहे. कानात बोळे घातले की पाखरं ऐकू येत नाहीत, जीव गुदमरतो, म्हणतात. म्हणून स्पीकर.

बाईंनी आधीच दोन भलेमोठे काळे खोके पसंत करून ठेवले होते. मी म्हटलं, बाई, हे लग्नाच्या हॉलमध्ये लावा. खोलीत चार भिंती आवाज परत फेकतात, बागेत फेकणार कोण? तिथे आवाज सुटला की गेला. लांबच्या माणसापर्यंत पोचवायला मोठा करावा, तर जवळच्याचे कान किटतात आणि शेजारी भांडायला येतात. त्यापेक्षा लहान लहान आठ घ्या, झुडपांत बसवा, आणि आठही जण हळू बोलू देत. मग बाई म्हणाल्या, दगडाच्या आकाराचे मिळतात ते घेऊ या का, छान दिसतात. मी साफ नाही म्हटलं. माणूस एकवेळ दगडाशी बोलेल, पण दगड पुस्तक वाचायला लागला तर पाहुणे पळून जातील. बाई खूप हसल्या. साधे हिरवे घेतोय, जमिनीत खुंटीसारखे रोवायचे.

या आठवड्यात खणायला सुरुवात.

बाबा


२७ फेब्रुवारी

भोंगाबाई,

उत्तर आलं नाही. येईल अशी आशाही नव्हती, म्हणजे होती, पण तू मनावर घेऊ नकोस.

बागेत एक माळीणबाई आहेत. वय माझ्याएवढंच, जीभ माझ्यापेक्षा लांब. पहिल्याच दिवशी कुदळ घेऊन माझ्यासमोर उभ्या. "मास्तर, गुलाबाच्या मुळाला धक्का लागला तर तुमचा हात तोडून खताच्या खड्ड्यात टाकीन." मी म्हटलं, बाई, मी गुलाब बघायला आलेलो नाही, तार टाकायला आलोय. "तारच तर मुळं कापते," म्हणाल्या. तेव्हापासून रोज एक भांडण ठरलेलं. पण खणून त्याच देतात. दीड हात खोल चर, त्यात नळी, नळीत तार. वर घातली तर कुणाच्या तरी फावड्याखाली येणार. जिथे तारेला तार जोडायची तिथे झाकणाची डबी, आणि झाकणाच्या फटीत मेण, नाहीतर मुंग्या आत संसार थाटतात.

जागा मी ठरवल्या. बाकाच्या डाव्या बाजूला चार, उजव्या बाजूला चार, गुडघ्याएवढ्या उंचीवर, तोंडं बाकाकडे. माळीणबाईंचं म्हणणं, दाट झुडपाच्या मागे लपवा, दिसायला नकोत. मी म्हटलं, पानं आवाजाची धार खातात, सगळे शब्द बोथट होऊन येतील. आजींना आवाज ऐकायचा नाही, शब्द ऐकायचे आहेत. हे त्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुपचूप चार फांद्या छाटून ठेवल्या होत्या.

गेल्या मंगळवारी मला अंघोळ घातली त्यांनी. मी वाकून डबीचं झाकण बसवत होतो आणि अचानक चहूकडून पाणी! माळीणबाईंनी हिरवळीला पाणी घालायची कारंजी सोडली होती. मी शिव्या घातल्या, तर त्या कंबरेवर हात ठेवून म्हणतात, "दहा वेळा ओरडले, बाजूला व्हा, बाजूला व्हा! कुठे लक्ष असतं तुमचं?" मी म्हटलं, माझ्याशी बोलायचं तर समोर येऊन बोलायचं, ही माझ्या कामाची शिस्त आहे. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

तुला माझी जुनी करामत आठवते? शाळेतून आलीस की मी तुला दुकानाच्या बाहेरच थांबवायचो आणि आत वाजत असलेल्या स्पीकरांकडे कान करून म्हणायचो, "उजवीकडच्याची तार उलटी आहे." तू दप्तर टाकून आत पळायचीस आणि नेहमी उलटीच सापडायची. त्या वेळी कामाला असलेल्या मिस्त्रींचे चेहरे पडायचे. किती साधी गोष्ट आहे. स्पीकरला दोन तारा, लाल आणि काळी. दोन स्पीकरांपैकी एकाची अदलाबदल झाली की एकाचा पडदा हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसऱ्याचा मागे ओढतो. बाजूला उभं राहिलं तर काही समजत नाही. बरोबर मध्ये उभं राहिलं की आवाज पोकळ होतो, कुठून येतोय ते कळेनासं होतं. इतर लोक साधा सेल घेऊन तारेला टेकवतात, पडदा बाहेर येतो की आत जातो ते बघतात. मी उभ्या आयुष्यात सेलला हात लावला नाही. कान असताना सेल कशाला? असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो.

घरी सगळं जिथल्या तिथे आहे. फक्त जेवायची वेळ चुकते. तुझी आई मी बसलो असेन त्या खोलीचा दिवा दोनदा उघडझाप करायची, की मी उठायचो. तुला वाटायचं, आईचं काहीतरी खूळ आहे. आता दिवा आपला एकसारखा जळत असतो आणि भाजी गार होते.

पंचेचाळीस दिवस राहिले. एक तास मागितला होता, अर्ध्या तासावरही मी तयार आहे.

बाबा


१६ मार्च

भोंगाबाई,

आज तुला चांगलं सांगायचं ठरवून बसलो होतो, पण चांगलं काही झालं नाही.

काल सगळं जोडून झालं. ॲम्प्लिफायर माळीणबाईंच्या अवजारांच्या खोलीत, फळीवर, उंदरांपासून लांब. बाईंनी दवाखान्यात एक तास उशिरा येते म्हणून कळवलं होतं. आजींना हाताला धरून आणून बाकावर बसवलं. मी फिरून आठही स्पीकरांवर तळहात ठेवून बघितला, आठही थरथरत होते. मग बाकामागे उभा राहिलो, मान डोलावली, म्हटलं, उत्तम.

आजी काही बोलल्या. बाईंनी त्यांच्याकडे वाकून विचारलं, परत काही बोलल्या. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आई म्हणते, बाग बोलतेय असं वाटतं, पण इथे बाकापाशी आवाज पोकळ येतो. मी वाचतेय असं वाटत नाही, मी विहिरीत पडलेय असं वाटतं."

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, त्यांना सवय नाही. नवीन आहे, दोन दिवसांत बसेल. म्हटलं, मी पस्तीस वर्षं हेच करतोय. आजी शांतपणे म्हणाल्या, आणि हे मला कळलं कारण त्यांनी चेहरा माझ्या दिशेने वर केला होता, "रागावू नका. मला दिसत नाही, पण माझ्या लेकीचा आवाज मला कळतो." मी पिशवी उचलली आणि चालू पडलो. एका आंधळ्या म्हातारीवर ओरडून निघून आलो. तुझी आई असती तर आठ दिवस बोलली नसती माझ्याशी.

फाटकापाशी माळीणबाईंनी अडवलं. त्या काय म्हणाल्या ते लिहिण्यासारखं नाही.

आज सकाळी परत गेलो. खिशात सेल होता. डाव्या रांगेच्या डबीचं झाकण काढलं, तारेला सेल टेकवला, स्पीकरची जाळी उघडून पडद्यावर बोट ठेवलं. आत गेला. उजवीकडचा बाहेर येत होता. डाव्या चारही स्पीकरांची जोडणी उलटी, आणि ती मी माझ्या हाताने केली होती. लाल काळीला, काळी लालला. असं माझ्याकडून कधी झालं नव्हतं. वय झालं, दुसरं काय. सरळ करून दिली. आजी मग बाकावर दीड तास बसल्या. मध्येच हसल्या. बाईंनी वाचताना कुठेतरी शिंक दिली होती म्हणे, तीसुद्धा नीट ऐकू आली.

आजींची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, आवाज आला ना, झालं मग." इतकं सोपं असतं काही लोकांचं.

दमलोय. बाकी नंतर.

बाबा


५ एप्रिल

भोंगे!

तुझा फोन आला! आज दुपारी. नंबर बघितला आणि हातातला पेचकस खाली पडला. किती बरं वाटलं म्हणून सांगू! आवाज अगदी तसाच आहे तुझा. आपलं बोलणं झालं, मनावरचा दगड उतरला. तू जे म्हणालीस ते सगळं मला मान्य आहे. फोन मध्येच तुटला वाटतं, माझं डबडं, दुसरं काय.

कधी येतेस तेवढं कळव, म्हणजे मी घर झाडून ठेवतो. तुझ्या खोलीत सध्या तारांची भेंडोळी पडली आहेत, ती आजच उचलतो.

बाबा


७ एप्रिल

भोंगाबाई,

परवाचं पत्र तुला मिळालं असेल किंवा मिळेल. ते फाड. त्यात एकही वाक्य खरं नाही. नंबर बघून पेचकस पडला तेवढं खरं.

आज सकाळी मावशी आली. दार उघडलं तर डोळे सुजलेले. मला खुर्चीत बसवलं आणि समोर स्टूल ओढून बसली. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही माणूस आहात की कोण? पोरीने तीन वर्षांनी फोन केला. तुमचं ते उलट्या तारेचं पत्र वाचून तिची झोप उडाली होती. म्हणत होती, मावशी, बाबा आणि तार उलटी? शक्यच नाही, बाबांना ऐकू येत नसणार. तिने तुम्हाला एकच गोष्ट विचारली. त्या दिवशी आईची हाक खरंच ऐकू आली होती का? नाही म्हणालात तर मी उद्याच्या गाडीने येते, म्हणाली. आणि तुम्ही म्हणालात, हो. तिने परत विचारलं, बाबा, नीट आठवून सांगा, ऐकू आली होती? तुम्ही परत म्हणालात, हो, हो. वर हसलात!"

मला तिचे ओठ दिसत होते, म्हणून हे सगळं कळलं. मी तिला म्हटलं, मला वाटलं, पोरगी विचारतेय, बरे आहात ना.

मावशी उठून उभी राहिली आणि परत बसली.

आता सगळं सांगतो, आणि क्रमाने सांगतो, कारण तुला क्रमाने सांगितलेलं आवडतं. आई जायच्या आधी सात-आठ वर्षं माझे कान जायला लागले. आयुष्यभर स्पीकरांच्या तोंडाशी उभा राहिलो, दुसरं काय होणार. आधी दाराची घंटा गेली. मग पाखरं गेली, मी तुझ्या आईला म्हटलं होतं, हल्ली पाखरं येत नाहीत गं. मग बायकांचे आवाज. पुरुष समोर उभा राहून बोलला तर अजून थोडं कळतं, ओठ बघून बाकीचं जुळवतो. बायकांचं नुसतं तोंड हलताना दिसतं, कळतं ते सगळं ओठांवरून. सगळ्यात पहिला तुझा आवाज गेला, कारण तो फोनवर असायचा आणि तिथे ओठ नसतात. तू फोन केलास की मी "आईला देतो" म्हणायचो ना? तू एकदा आईला म्हणाली होतीस, बाबांना माझ्याशी बोलायचंच नसतं. ती मला ते सांगताना रडली होती. तरी मी तुला कळू दिलं नाही.

तिला सगळं माहीत होतं. दिव्याची उघडझाप ही तिचीच युक्ती. चार माणसांत बसलो की माझ्या शेजारी बसायची आणि लोकांचं बोलणं मोठ्या ओठांनी परत बोलायची, जणू तिलाच ते पटलंय. मी कुठे हसायचं ते माझ्या कोपराला हात लावून सांगायची. कानाचं यंत्र घ्या म्हणून मागे लागली होती. मी ओरडलो, कानात यंत्र घातलेल्या माणसाला स्पीकर लावायला कोण बोलावणार? ज्याला सगळे मिस्त्री कान म्हणून ओळखतात त्याने यंत्र घालायचं? त्यानंतर तिने विषय काढला नाही. आणि मी जे ऐकू येणार नाही त्याला "हो" म्हणायला शिकलो. हो म्हटलं की माणसं खूष होतात आणि पुढे विचारत नाहीत. गेली दहा वर्षं मी सगळ्या जगाला हो म्हणतोय.

त्या दिवशी मी भिंतीपलीकडे बसलो होतो आणि मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. एकदा भिंतीला हात टेकला होता, तेवढाच काय तो तिच्यापर्यंत पोचलो. काकूंनी येऊन माझा खांदा हलवला तेव्हा मी त्यांना विचारलं, चहा घेणार का?

दवाखान्याच्या व्हरांड्यात तू विचारलंस तेव्हा माझ्यामागे चार जण उभे होते. चौघेही आमच्या धंद्यातले. तुझा प्रश्न मला कळला, कारण तू माझ्या तोंडासमोर उभी राहून किंचाळत होतीस. मला तेव्हा वाटलं, हे लोक मला दगडाच्या काळजाचा म्हणाले तर म्हणू देत, बहिरा म्हणायला नकोत. एवढाच विचार केला, बेटा. पापणी लवते तेवढ्या वेळात. आणि टॉवेलचं वाक्य तोंडातून निघून गेलं. तुझा चेहरा कसा झाला ते मी बघत होतो आणि तरी परत घेतलं नाही.

त्याच संध्याकाळी मला आत सोडलं, तोवर व्हरांड्यातलं बोलणं आत पोचलं होतं. तुझ्या आईने मला जवळ बोलावलं, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, आणि हळूहळू म्हणाली, "तिला खरं सांगा." मी हो म्हटलं. तिला तरी खोटं हो म्हणायला नको होतं.

एका गोष्टीचं कोडं मला अजून सुटत नाही. मला ऐकू येत नाही हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. मग हाक मारायची ती काकूंना मारायची. पण काकू म्हणतात, ती चाळीस मिनिटं नुसतं "अहो, अहो" म्हणत होती. दुसरं काही नाही. मी हे रोज आठवतो.

माळीणबाई फाटकापाशी काय म्हणाल्या तेही ऐक. म्हणाल्या, "मास्तर, गेले आठ दिवस मी तुमच्यामागे उभी राहून तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतेय. तुम्ही एकदाही वळला नाहीत. काल तर मान डोलावलीत. ऐकू येत नाही हे लपवता कशाला? आजी काय डोळे लपवतात?" मी तेव्हा त्यांच्याशी भांडलो. घरी येऊन कपाटातून सेल शोधला, आणि तो खिशात घालताना मला एखाद्या चोरासारखं वाटत होतं.

तुझा फोन आला तेव्हा मला कानात नुसती एक थरथर जाणवली. खाली-वर, खाली-वर, आणि मध्ये थांबायची. तू थांबलीस की मी हो म्हणायचो. दुसऱ्यांदा थांबलीस तेव्हा फार वेळ थांबलीस, म्हणून मी हो, हो म्हटलं आणि हसलो, तुला बरं वाटावं म्हणून.

मावशी म्हणाली, मी आत्ता तिला फोन करून सगळं सांगते. आणि तिने केलाही, माझ्यासमोर. तू उचललास. ती बोलायला लागली, आणि तिने फोन कानापासून खाली घेतला. मी विचारलं, काय म्हणाली? मावशी सांगेना. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणते, बाबांना आता मी निघाल्यावर हे सुचलं का? बहिरेपणा आजच सापडला का?"

तुझं बरोबर आहे. मी तुझ्या जागी असतो तर माझाही विश्वास बसला नसता. तीन वर्षांपूर्वी मी स्वतःच तुला सांगितलं की ऐकू आलं होतं, परवा दोनदा अजून सांगितलं. आता एकदाच नाही म्हणणार, आणि तेही कागदावर.

मावशी तुला निरोप द्यायला दहा तारखेच्या गाडीने निघतेय. हे पत्र ती तुझ्या हातात देईल. मीही येतो म्हटलं, तर ती म्हणाली, तिने बजावलंय, बाबांना आणू नकोस. नाही येत. सोबत कानाच्या डॉक्टरांचा कागद ठेवला आहे, सहा वर्षांपूर्वीचा. त्यावर तारीख आहे, आणि खाली "पत्नी सोबत" म्हणून तुझ्या आईची सही आहे. ती सही तरी तू ओळखशील. यातलं काही पटलं नाही तर नको पटू दे, पण प्रश्न तू विचारला होतास, त्याचं उत्तर तुझ्याजवळ असायला हवं.

नाही, बेटा. मला आईची हाक ऐकू आली नव्हती. आणि परवा तू ते विचारलंस, तेही मला ऐकू आलं नाही.

बाबा